गोंगाटातील माधुर्य

ग्रंथकाराच्या पहिल्या कृतीच्या कपाळी दोनपैकी एक गती लिहिलेली असते, असा सामान्य समज आहे. एक तर रसिक ती डोक्यावर घेऊन नाचतात, नाही तर ती कपाटाच्या खालच्या फळीवर धूळ खात पडते. ह्यांपैकी दुसरी गती दारुण खरी. पण ती नेहमीच कायमची असते असे नाही. मर्ढेकरांचा 'शिशिरागम' १९३९ साली निघाला, तेव्हा त्याची फारशी वाच्यता झाली नाही. १९४७ साली 'काही कविता' निघाल्या आणि मराठी काव्यसृष्टीत एकच खळबळ उडाली. आजही ज्या वाचकास दुसऱ्या संग्रहातील कवितांच्या कविता मुखोद्गत असतात, त्यास पहिल्याचे नाव आठवण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. तथापि, पुढच्या कृतीच्या कीर्तीचे बोट धरून कोणी अभ्यासू केव्हा तरी मागच्या कृतीपर्यंत येऊन पोहोचतोच. थोरला भाऊ धाकट्याच्या पुण्याईने ओळखला जावा, तसा हा प्रकार होय.

परंतु ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरीही एक गती आहे. जी कृती पहिली, तीच शेवटची ठरते. तिच्यामागून कोणी येत नाही आणि म्हणून तिच्याकडे परत नेणारी वाटही राहत नाही. अशा एका कृतीविषयी आज लिहावयाचे आहे. ती ग्रंथ नव्हे, ध्वनिमुद्रिका आहे. आणि तीही आपल्या देशातील नव्हे, स्कॉटलंडमधील. साहित्याच्या मासिकात परदेशी तरुणांच्या गाण्याचा विचार कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्यावर माझे उत्तर इतकेच की, ह्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहतो तो केवळ संगीताचा नाही. कर्कशता ही सौंदर्याची शत्रूच असते काय, हा तो प्रश्न होय. आणि काव्य, नाट्य, चित्र ह्या सर्वच कलांच्या रसिकांस त्याचे उत्तर केव्हा ना केव्हा द्यावे लागते.

एडिंबरो शहरात १९८४ साली 'शॉप असिस्टंट्स' नावाचा एक लहानसा वाद्यवृंद स्थापन झाला. दुकानातील नोकर, फळीमागे उभे राहून गिऱ्हाइकास माल दाखविणारी माणसे, असा ह्या नावाचा अर्थ. डेव्हिड कीगन हा त्यातील गिटारवादक, म्हणजे एकटाच पुरुष. बाकी साऱ्या तरुणी. अॅलेक्स टेलर गात असे, सारा नील मंद्र स्वरांचे गिटार वाजवीत असे, आणि तालासाठी एकीच्या ऐवजी दोन तरुणी असत. १९८५ साली त्यांची 'शॉपिंग परेड' ही छोटी तबकडी निघाली. तीतील 'ऑल डे लाँग' ह्या गीताचे कौतुक त्या काळी इंग्लंडात अत्यंत लोकप्रिय असलेल्या मॉरिसी ह्या गायकाने केले होते. १९८६ च्या आरंभी 'सेफ्टी नेट' हे गीत निघाले. ते कीगनने मित्रांच्या साहाय्याने काढलेल्या 'फिफ्टी थर्ड अँड थर्ड' ह्या संस्थेचे पहिलेच प्रकाशन होते. त्याच वर्षी एका इंग्रजी संगीतसाप्ताहिकाने 'सी एटी सिक्स' नावाची बावीस गीतांची फीत प्रसिद्ध केली. तीतही ह्या वृंदास स्थान मिळाले. आणि वर्षअखेरीस, क्रिसॅलिस ह्या मोठ्या कंपनीच्या 'ब्लू गिटार' ह्या शाखेकडून, त्यांची पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. ती वृंदाच्याच नावाने ओळखली जाते. 'विल एनीथिंग हॅपन', म्हणजे 'काही घडेल का?', हे तिचे दुसरे नाव. ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत ती शंभराव्या क्रमांकावर पोहोचली. त्या यादीच्या उंबरठ्यावर क्षणभर उभी राहून ती आल्या पावली परत गेली. शीर्षकातील प्रश्नास मिळालेले हे उत्तर पुरेसे बोलके नाही काय?

ह्या जातीच्या संगीतास 'नॉइज पॉप' असे म्हणतात. गोंगाट आणि सुगम गाणे ह्यांचा तो संकर आहे. गाण्याची चाल गोड, सोपी, एकदा ऐकताच ओठांवर खेळणारी. आणि तिच्याभोवती विजेच्या गिटारांचा असा काही घरघराट की, प्रथम ऐकणारास यंत्रच बिघडले असावे असे वाटावे. ह्या घरघराटाची उपपत्ती सोपी आहे. गिटारचा ध्वनी विस्तारकाच्या शक्तीपलीकडे वाढविला, म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर त्यात मिसळतात. गिटार विस्तारकासमोर धरले, तर त्यातून निघालेला आवाज पुन्हा तारांवर येऊन आदळतो व चक्राकार वाढत जातो. सभेत मायक्रोफोन कर्ण्यासमोर आला की जी किंकाळी उठते, तिचे कारण हेच. आपले कार्यकर्ते ती बंद करण्यासाठी धावतात. ह्या तरुणांनी ती गाण्यात बसविली.

हा उपक्रम अर्थात आकाशातून पडलेला नव्हता. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत फिल स्पेक्टर हा मुद्रणकार अनेक वाद्ये एकावर एक रचून तरुणींच्या गाण्यामागे नादाची जणू भिंत उभारीत असे. १९६७ साली 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'ने कर्कशतेस तिचे स्वतंत्र स्थान दिले, आणि १९७६ साली 'रमोन्स'ने वेग व संक्षेप ही दोन मूल्ये शिकविली. ह्या तीन प्रवाहांचा संगम घडवून आणला तो ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइडच्या रीड बंधूंनी. त्यांच्या 'जीझस अँड मेरी चेन' ह्या वृंदाची 'सायकोकँडी' ही ध्वनिमुद्रिका १९८५ च्या नोव्हेंबरात निघाली, आणि ह्या पंथाचा आद्य ग्रंथ म्हणून तिचाच गौरव होतो. तो अयोग्य आहे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, वर्षभराने आलेल्या ज्या धाकट्या कृतीने त्याच सामग्रीतून एक निराळा रस निर्माण केला, तिची आठवण कोणासच राहू नये, ही रसिकतेची हानी आहे.

येथे पूर्वपक्ष मांडणे प्राप्त आहे. तो मांडण्यास मला परक्याकडे जावयास नको. कारण कालपरवापर्यंत तो माझाच पक्ष होता. अमरावती रस्त्यावर वाडीला आमचे बिऱ्हाड आहे. मालमोटारींची ये-जा, गोदामांपुढील चढउतार, भोंगे ह्यांत आमचा दिवस उगवतो आणि मावळतो. अशा ठिकाणी घरात संगीत लावावयाचे ते बाहेरचा कोलाहल विसरण्यासाठी, अशी माझी पक्की समजूत. एके संध्याकाळी मुलीने ही ध्वनिमुद्रिका लावली, तेव्हा मी दोनच मिनिटांत उठून, "रस्त्यावर काय कमी आहे म्हणून हे घरात आणलेस?" असे तिला रागावून विचारले. तिने वाद घातला नाही. "बाबा, आवाज ऐकू नका, त्याच्या आत कोण गातंय ते ऐका," एवढेच ती म्हणाली. मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना काव्य शिकवीत आलो. पण ऐकावे कसे, हा धडा त्या दिवशी मला घ्यावा लागला.

पूर्वपक्ष असा : संगीत म्हणजे नादाची व्यवस्था आणि गोंगाट म्हणजे नादाची अव्यवस्था, ह्या दोहोंचा समन्वय होणेच शक्य नाही. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु आपल्याच घरातील वाद्ये त्याविरुद्ध साक्ष देतात. तंबोऱ्याचेच उदाहरण घ्या. मिरजेचे कारागीर तंबोरा सिद्ध करतात, तेव्हा त्यांचे सारे कसब घोडीची जवारी काढण्यात पणास लागते. घोडीचा पृष्ठभाग रुंद आणि किंचित उतरता ठेवतात. तिच्यावर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. आणि तार छेडली की ती त्या पृष्ठभागास पुनःपुन्हा स्पर्श करीत झणकारते. काटेकोर बोलावयाचे तर ही एक प्रकारची घासाघीसच होय. पण तिच्यातूनच उपस्वरांचे ते मोहोळ उठते, ज्याच्या छायेत गवयाचा षड्ज विश्रांती घेतो. सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत असताना काही काळ आमच्या नागपुरातही राहिलेले चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२१ साली ह्या विषयावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूपाशी छेडावी तेथे ज्यांचा निःस्पंद बिंदू पडतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. पण वीणा-तंबोऱ्याच्या घोडीमुळे तेही उमटतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे ज्यास आपण स्वरांचे माहेर मानतो, त्या तंबोऱ्याचे माधुर्यच मुळी तारेच्या ह्या घर्षणातून जन्मास येते. धागा काढून घ्या; तार स्वच्छ बोलेल आणि तंबोरा मुका होईल.

दुसरी साक्ष आपल्या भाषेचीच आहे. देवीच्या उपासनेत संबळ आणि तुणतुणे ह्यांच्या साथीने रात्रभर चालणाऱ्या विधिनाट्यास आपण 'गोंधळ' म्हणतो. आणि कोठे अव्यवस्था माजली तर तिलाही 'गोंधळ'च म्हणतो. एका शब्दात पूजा आणि कोलाहल सुखाने नांदत असता, त्यांच्यात हाडवैर आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? वारीच्या दिंडीत शेकडो टाळ एकदम वाजू लागतात, तेव्हा अभंगाचे सर्व शब्द कानी पडत नाहीत. पण म्हणून तो अभंग कोणास कमी पोहोचला आहे काय? उलट, त्या झणत्कारातून एखादाच आर्त स्वर वर येतो तेव्हा त्याची आर्तता दुणावते. ह्यावरून एवढे निष्पन्न होते की, गोंगाट कलेस वर्ज्य नाही. तो कोणत्या भावाच्या सेवेस लावला आहे, हे पाहिले पाहिजे. जो गोंगाट गाण्यास झाकतो तो निंद्य; जो गाण्यास कोंदण होतो तो ग्राह्य.

आता ह्या कसोटीवर प्रस्तुत ध्वनिमुद्रिका घासून पाहू. तिचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे अॅलेक्स टेलरचा आवाज. तो मोठा नाही, कमावलेला तर मुळीच नाही. पट्टी अरुंद, दमसास बेताचा. पण त्या आवाजात एक विलक्षण स्थैर्य आहे. भोवती कीगनचे गिटार वावटळीसारखे फिरत असते, दोन ढोल पाठोपाठ धावत असतात. आणि ही मुलगी मात्र स्वर न चढविता, हातवारे न करता, आपले म्हणणे सांगत राहते. गोंगाटावर ती ओरडून मात करू पाहत नाही. त्यात उभी राहते. रीड बंधूंच्या ध्वनिमुद्रिकेत गायकच गोंगाटाचा धनी आहे. त्या झंझावातात तो गॉगल लावून बेफिकीरपणे वावरतो, आणि त्याच्या उदासीनतेस थोडी ऐट आहे. येथे गाणारी त्या गोंगाटाची धनीण नव्हे. तो जगाचा गोंगाट आहे, आणि ती त्यातून आपले वाक्य पुरे करू पाहते. दोन्ही ध्वनिमुद्रिकांची सामग्री एक असूनही रस भिन्न होतो, तो ह्यामुळे.

ध्वनिमुद्रिकेतील एका गीताच्या शीर्षकाचा अर्थ 'तुझ्याशी मैत्री ठेवण्याची मला इच्छा नाही' असा आहे. प्रेम ओसरल्यावर 'आपण मित्र म्हणून राहू' असे म्हणण्याची जी सभ्य पद्धत आहे, तिला हा सरळ नकार होय. दुसऱ्या एका गीताचे नाव 'फिक्स्ड ग्रिन', म्हणजे चेहऱ्यावर चिकटवलेले हास्य. वृंदाचे नाव आणि हे शीर्षक शेजारी शेजारी ठेवले की, दुकानाच्या फळीमागे दिवसभर हसतमुख उभ्या असलेल्या मुलीचे चित्र डोळ्यांपुढे येते. घरोघर आणि कचेऱ्यांतून हे हास्य आपल्याही परिचयाचे आहे. त्या हास्यामागे जे बोलता येत नाही ते येथे गिटार बोलते, असे मला वाटते. ह्या अर्थाने येथील घरघराट हा केवळ अलंकार नाही. जे वाच्य नाही ते त्याने ध्वनित होते. आपल्या आलंकारिकांनी व्यंग्यार्थास 'ध्वनि' हेच नाव दिले आहे, हा योगायोग येथे सहजच आठवतो.

तथापि, ध्वनिमुद्रिकेचा कळस मला वाटतो तो 'ट्रेन फ्रॉम कॅन्सस सिटी' ह्या गीतात. हे गीत ह्या वृंदाचे नव्हे. जेफ बॅरी आणि एली ग्रीनविच ह्या जोडीने रचलेले हे गीत न्यूयॉर्कच्या 'शांग्रिलाज' ह्या तरुणींच्या मेळ्याने १९६५ साली प्रथम गाइले. त्यातील प्रसंग पाहा. एका तरुणीचे लग्न ठरले आहे. पूर्वी जिच्यावर प्रेम होते तो तरुण दूर गावी असतो. त्यास ही नवी वार्ता पत्रातून कळविण्याचा धीर तिला झालेला नाही, आणि आता तो आगगाडीने येऊन उतरणार आहे. गाडी थांबविणे तिच्या हाती नाही. ती आपल्या वाग्दत्त वरास सांगते की, मला स्टेशनावर जाऊन त्याला हे तोंडाने सांगितले पाहिजे. तू काळजी करू नकोस, मी परत येईन. एवढेच कथानक. पण त्यात तीन माणसांची मने, एक चूक, एक कर्तव्य आणि एक वचन इतका ऐवज आहे. एखाद्या चांगल्या लघुकथेस तो पुरावा.

मूळ गायनात ह्या प्रसंगाचे नाट्य केले आहे. आर्जव आहे, अश्रूंचा भास आहे. शॉप असिस्टंट्सनी ते नाट्य काढून टाकले. टेलर हे सारे असे सांगते की, जणू निश्चय अगोदरच झालेला आहे; आणि नाट्य जे उरते ते सारे गिटारात. तो अखंड घरघराट ऐकता ऐकता ध्यानात येते की, हीच ती आगगाडी! ती येत आहे, जवळ येत आहे, तिला कोणी थांबवू शकत नाही. आणि तिच्या आवाजात ह्या मुलीला आपले खरे वाक्य बोलावयाचे आहे. नागपुरासारख्या चारी दिशांच्या गाड्या जेथे एकमेकींना ओलांडून जातात त्या गावच्या माणसास ह्याहून अधिक सांगावयास नको. फलाटावर गाडी शिरताना, अगदी जवळच्या माणसाशी बोलावयाचे शब्दही ओठांतच राहतात, हा अनुभव कोणाचा नाही? इतर गीतांत गोंगाट हा परिसर आहे. येथे तो पात्र होऊन रंगभूमीवर येतो. पूर्वसूरींच्या कृतीत काही न घालता, केवळ नादाच्या जागा बदलून, तिचा अर्थ अधिक खोल करणे ह्यास मी प्रतिभा म्हणतो.

आणि ह्यानंतर 'समव्हेअर इन चायना' हे गीत ऐकावे. गती मंदावते, वावटळ मागे सरते, आणि आतापर्यंत जो आवाज गर्दीत ऐकला तो एकदम आपल्या शेजारी येऊन बसतो. त्या शांततेस जी किंमत येते, ती अगोदरच्या कोलाहलामुळेच. रात्रभराच्या भजनानंतर पहाटे टाळ खाली ठेवले जावेत आणि एकट्या विण्याचा झंकार उरावा, तसे काहीसे हे आहे.

दोष नाहीत असे नाही. वेगवान गीते एकमेकींसारखी आहेत. दोन-तीन मिनिटांतच ती संपतात म्हणून कंटाळा येत नाही, पण वेगळी आठवणही राहत नाही. शब्दरचना पुष्कळदा शीर्षकाच्या पुढे फारशी जात नाही. मोठ्या कंपनीच्या आश्रयास आल्यावर नादात थोडी सफाई आली. ती लाभाची झाली की हानीची, ह्याविषयी दुमत होऊ शकेल. पहिल्या तबकड्यांतील खडबडीतपणा अधिक जिवंत होता, असे म्हणणारास मी खोडून काढणार नाही. परंतु दोषांची ही यादी कोणत्याही पहिल्या पुस्तकास लागू पडेल. पहिल्या कृतीत पाहावयाचे असते ते हे की, लेखकास स्वतःचा आवाज सापडला आहे की नाही. तो येथे निःसंशय सापडला आहे.

मग ही कृती विस्मृतीत का गेली? पहिले कारण, 'सायकोकँडी'च्या प्रभेत ती झाकोळली. दुसरे, ध्वनिमुद्रिका निघाल्यावर थोड्याच काळात, १९८७ साली, टेलर वृंद सोडून गेली आणि तिने 'मोटरसायकल बॉय' हा नवा वृंद काढला. पुढे उरलेल्यांनी काही काळ पुन्हा एकत्र येऊन गाइले, पण दुसरी पूर्ण ध्वनिमुद्रिका झाली नाही. तिसरे कारण अधिक विचारात घेण्याजोगे आहे. कीगनच्या त्याच लहान संस्थेने 'व्हॅसेलीन्स' नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश वृंदाची गीते प्रसिद्ध केली होती. पुढे अमेरिकेच्या 'निर्वाणा'ने ती गीते स्वतः गाइली, आणि व्हॅसेलीन्सचे नाव जगभर झाले. शॉप असिस्टंट्सना असा वाली भेटला नाही. गुण असूनही प्रसिद्धी मिळण्यास मध्ये एखादा कीर्तिमंत मध्यस्थ लागावा, ही गोष्ट आपल्याकडील साहित्यव्यवहारासही नवी नाही.

आपल्याकडील म्हणताना आणखी एक आठवण देतो. मुंबईच्या 'अॅटॉमिक फॉरेस्ट' ह्या वृंदात काही काळ नंदू भेंडे गात असत. मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे ह्यांचे ते चिरंजीव. ह्या वृंदाची 'ऑब्सेशन ७७' ही ध्वनिमुद्रिका १९७७ साली मुद्रित झाली. प्रसिद्ध झाली ती १९८१ साली, वृंद विसर्जित झाल्यावर. तिची नवी आवृत्ती २०११ साली निघाली ती अमेरिकेतील एका संस्थेकडून. म्हणजे घरच्या माणसाची ओळख परक्याने करून द्यावी लागली. स्कॉटलंडच्या रसिकांस नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या कपाटाच्या खालच्या फळीकडे एकदा पाहावे, हे बरे.

टीकाकाराचे काम निवाडे देण्याचे आहे, असे पुष्कळांस वाटते. मला ते उत्तरोत्तर निराळे वाटू लागले आहे. गर्दीत कोणी तरी हळू आवाजात बोलत असते. 'जरा थांबा, तिकडे ऐका' एवढे म्हणणे हे त्याचे पहिले काम. ते माझ्या बाबतीत माझ्या मुलीने केले. वाचकांच्या बाबतीत ते करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. आता संध्याकाळी आमच्या घरी ही ध्वनिमुद्रिका लागते, तेव्हा मी रस्त्याकडील खिडकी लावून घेत नाही. बाहेरच्या गाड्या आणि आतले गिटार ह्यांतून त्या मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. काही घडेल का, असे तिने १९८६ साली विचारले होते. उशिरा का होईना, एका घरात तेवढे घडले आहे.